दहा मिनिटांच्या थरथरीत तासाभराचं चालणं मावत नाही

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक व्हिडिओ पुन्हा पुन्हा येतोय. व्हायब्रेशन मशीनवर एक बाई उभी आहे, पोटऱ्या थरथरतायत आणि ती हसत हसत बोलतेय. खाली मजकूर असा: रोज फक्त 10 मिनिटं, 1 तास चालल्याइतक्या कॅलरी जळतात. पोटाची चरबी आधी जाते. घाम आला म्हणजे चरबी निघाली. चालून गुडघे झिजतात, यावर नाही. किती जळलं ते स्क्रीनवरच बघा. घरात जागा नाही, पावसाळ्यात बाहेर पडता येत नाही, त्यांच्यासाठी खास.

माझ्या मावशीने हे वाचलं आणि मशीनसाठी पंधरा हजार बाजूला काढून ठेवले. ती एकसष्ट वर्षांची आहे, डोंबिवलीत वन-बीएचकेत राहते, डायबेटीसच्या गोळ्या चालू आहेत. तिचे पैसे आणि तिची उमेद दोन्ही वाया जाऊ नयेत, म्हणून एकेक वाक्य घेऊन लिहितेय.

पहिलं वाक्य हिशोबानेच तपासू. स्वस्थ बसलेला माणूस दर किलो वजनामागे तासाला साधारण 1 किलोकॅलरी खर्च करतो. झपाझप चालताना हा खर्च चौपटीच्या थोडा वर जातो. म्हणजे 60 किलोच्या बाईला तासाभराच्या चालण्यात 250 च्या आसपास. आता एवढ्याच दहा मिनिटांत जाळायच्या, तर शरीराला बसलेल्या अवस्थेच्या 25 पट वेगाने काम करावं लागेल. जगातल्या अव्वल सायकलपटूंची आणि लांब पल्ल्याच्या स्कीपटूंची कमाल क्षमता साधारण तिथे संपते. तो वेग त्यांनाही काही मिनिटंच पेलतो आणि तेव्हा तोंडातून शब्द फुटत नाही. व्हिडिओतली बाई तर निवांत बोलतेय. ती किती कॅलरी जाळतेय ते तिच्या श्वासावरूनच कळतं.

नुसतं उभं राहून थरथर घेतली तर खर्च थोडा वाढतो, फार तर हळूहळू चालण्याइतका. दहा मिनिटांच्या वीस-पंचवीस किलोकॅलरी धरा. दोन चमचे साखरेच्या चहात नुसत्या साखरेच्याच 35-40 असतात.

या मशीनचा उपयोगच नाही असं माझं म्हणणं नाही. वयस्कर माणसांच्या पायांतली ताकद आणि तोल सुधारण्यासाठी फिजिओथेरपीत ती वापरतात, पण ते काम वेगळं. शिवाय पेसमेकर असेल, गरोदरपण असेल, पायात रक्ताची गुठळी झालेली असेल, नुकतंच ऑपरेशन झालेलं असेल किंवा डोळ्याच्या पडद्याचा त्रास असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यावर चढायचं नसतं. डायबेटीसमध्ये डोळ्याच्या पडद्याला इजा होऊ शकते हे घरोघरी माहीत आहे. मेसेजमध्ये यातलं एक अक्षर नाही, आणि मला सगळ्यात जास्त राग त्याचाच येतो.

दुसरं, पोटाची चरबी आधी जाते म्हणे. टेनिसपटू वर्षानुवर्षं एकाच हाताने जोर लावतात. 1971 मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी त्यांच्या दोन्ही दंडांवरच्या चरबीची जाडी मोजली, तर खेळणाऱ्या हाताची चरबी कमी भरली नाही. 2011 मध्ये 24 जणांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात एका गटाने सहा आठवडे पोटाचे व्यायाम केले. त्यांच्या स्नायूंची दमछाक उशिरा होऊ लागली, पोटावरची चरबी मात्र होती तेवढीच राहिली. चरबी रक्तावाटे सगळ्या शरीरातून उचलली जाते. कुठून आधी जाईल ते आपल्या हातात नसतं, मशीनच्या तर नाहीच. अमेरिकेत ‘अ‍ॅब सर्कल प्रो’ नावाचं यंत्र रोज तीन मिनिटांत पोट उतरवतं म्हणून विकलं जायचं. 2012 मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने ते प्रकरण धसाला लावलं आणि ग्राहकांना पैसे परत देण्याची तडजोड विक्रेत्यांना करावी लागली. आपल्याकडे तोच दावा आता दुसऱ्या वस्तूच्या नावाने फिरतोय.

घामाचं थोडक्यात. घाम म्हणजे पाणी आणि मीठ. घाम गाळून काट्यावर अर्धा किलो कमी दिसेल, पण दोन-तीन ग्लास पाणी प्यायलं की तो भरून येईल. आणि गुडघे? गुडघ्यांच्या झिजेवर व्यायाम हाच पहिला उपचार म्हणून सांगतात, त्यात चालणंही आलं. दुखत असेल तर अंतर कमी करावं, बंद करू नये.

आता स्क्रीन. माझ्याकडे पायांनी फिरवायची छोटी सायकल आहे, टेबलाखाली मावते तशी. एकदा मी तिच्याशेजारी जमिनीवर बसले आणि पेडल हाताने फिरवलं. कॅलरीचा आकडा पायाने चढतो तसाच चढत गेला. मग घट्टपणाची चकती पूर्ण सैल केली, तरी वाढायचा वेग तोच. फिरणाऱ्या भागावर लोहचुंबक असतं, समोर सेन्सर. ते फक्त फेऱ्या मोजतं आणि ठरलेल्या आकड्याने गुणतं. माझं वजन त्याने कधी विचारलंच नाही. मनगटावरच्या पट्ट्यांचंही फारसं वेगळं नाही. स्टॅनफर्डमध्ये 2017 साली सात पट्टे तपासले, तेव्हा त्यातल्या सर्वांत बऱ्या पट्ट्याचा कॅलरीचा अंदाजही सरासरी 27 टक्के चुकला होता.

मेसेजमध्ये एक गोष्ट मात्र खरी आहे: घरात जागा नाही आणि पावसाळ्यात चार महिने बाहेर पडणं अवघड. मग छोटं काय घ्यावं? जास्त कॅलरी मांड्या आणि कुल्ल्यांचे मोठे स्नायू जाळतात, तेही अंगाचं वजन उचलावं लागतं तेव्हा. त्या हिशोबाने दोरीला तोड नाही, झपाट्याने मारलेल्या उड्यांचा खर्च बसण्याच्या दहापटीच्या पुढे जातो. पण पंख्याखाली उड्या मारू नका, आणि खालच्या मजल्यावरच्यांचाही विचार करा. गुडघे कुरकुरत असतील तर दोरी नकोच. मिनी स्टेपर, म्हणजे आळीपाळीने पायांनी दाबायच्या दोन पेडलांचं छोटं यंत्र, ठीक आहे, पण त्यातले तेलाचे सिलिंडर पंधरा-वीस मिनिटांत तापतात, तेल पातळ होतं आणि पायाखालचा जोर कमी होतो. दुकानात दोन मिनिटं चढून हे कळत नाही. छोटी सायकल बसल्या बसल्या सांधे मोकळे करायला चांगली, वजनासाठी कमी पडते. माझी पसंती रबरी पायाच्या, 10 ते 20 सेंटिमीटर उंच स्टेप बोर्डला, म्हणजे चढउतार करायच्या बुटक्या पायरीला. त्यात बिघडण्यासारखं काही नाही आणि तो पलंगाखाली सरकतो. चढउतार करताना बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा वेग पुरे. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला निदान 150 मिनिटं सांगते, म्हणजे पाच दिवस अर्धा तास. तो अर्धा तास तीन तुकड्यांत केला तरी चालतो.

मावशी, शनिवारी दुपारी मी येतेय. बोर्ड घेऊन येईन, सगळ्यात कमी उंचीवर लावू. बाल्कनीच्या दारापाशी ठेवू, म्हणजे तुला गज धरता येईल. पहिले चार दिवस जेवणानंतर पाच-पाच मिनिटंच. पंधरा हजारांचं तोवर काही करू नकोस.