आधी बॅग तरी उघडू दे त्याला
ऑगस्टमध्ये अमेरिकेतलं कॉलेज सुरू व्हायच्या आधीच दुसरीकडे ट्रान्सफर, म्हणजे मधूनच दुसऱ्या कॉलेजात प्रवेश, शोधणाऱ्या मुलाबद्दल वाचलं आणि माझी भाची डोळ्यांसमोर आली. तिलाही ट्रान्सफरच घ्यायची होती, म्हणून पहिलं सेमिस्टर तिचे कपडे सुटकेसमध्येच होते. मार्चमधल्या ट्रान्सफरच्या अर्जाला प्राध्यापकांचं शिफारसपत्र हवं, तर तिला नावानं ओळखणारे एकही सर नव्हते! फार रडली पोर. हार्वर्ड वर्षाला जेमतेम डझनभर ट्रान्सफरची मुलं घेतं. प्रिन्स्टननं १९९० नंतर थेट २०१८ साली पुन्हा घ्यायला सुरुवात केली. कॉर्नेल शेकड्यांनी घेतं, तिथं प्रयत्न जरूर करावा. पण आर्थिक मदत नव्या ठिकाणी नव्यानं ठरते, हे आईवडिलांनी आधीच विचारून घ्या. भाची अखेर आपल्या पहिल्याच कॉलेजात राहिली. आता सुट्टीतही लॅब सोडून घरी यायला तयार नसते.