साडेबारा ते साडेसहा

आज सकाळी गोव्यातल्या फोंड्याच्या कदंब बसस्टँडवर एक मुलगी भेटली. मुलगीच म्हणायची, पंचविशीच्या आतली असेल. अंगात कंपनीचा युनिफॉर्म, खांद्यावर दोनेक वर्षांचं पोर, तापाने लालबुंद झालेलं. फोनवर कोणाला तरी सांगत होती, "आज नाही जमणार सर, घरी कोणी नाही सर." फोन ठेवला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "ताई, या महिन्यात हा तिसरा खाडा. उद्या आली नाहीस तर येऊच नको म्हणतात."

कॉन्ट्रॅक्टवर आहे, म्हणजे तिने भांडायचं तरी कोणाशी? कंपनी म्हणते ती आमची नाही, कंत्राटदार म्हणतो मला माणसं पुरवायची आहेत. दुपार झाली तरी तो "सर, सर" माझ्या कानातून जात नाही, म्हणून लिहिते आहे.

माझी आई कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत पॅकिंगला होती. मी दुसरीत. गावातली सरकारी मराठी शाळा साडेबाराला सुटायची, आई साडेसहाला यायची. मधले सहा तास शेजारच्या मावशीच्या जिवावर. एक दिवस मावशीच्या माहेरी कोणी वारलं, ती पहाटेच निघून गेली. आईला पत्ता नाही, चावी तिच्या पिशवीत. जुलैचा पाऊस धो धो. मी सोप्यावर दप्तर पोटाशी धरून बसले ती साडेसहापर्यंत.

निवडणूक आली की आपल्याकडे बायकांसाठी काय काय केलं ते सांगतात. गोवा सरकारची गृह आधार योजना २०१२ पासून आहे, आज महिना १,५०० रुपये मिळतात. ते बंद करा असं मी मुळीच म्हणणार नाही, आमच्या वाड्यावर त्या पैशांवर सिलिंडर येतो. पण त्याची अट बघा. नवरा-बायकोचं मिळून वर्षाचं उत्पन्न ३ लाखांच्या आत हवं. दोघांनी महिना तेरा-तेरा हजार आणले की ३,१२,००० झाले. म्हणजे बाई घरी असेल तर आधार मिळतो, आणि ती पहाटे पाचला उठून, डबे करून, बस पकडून कामावर गेली की काढून घेतला जातो! जिला आधाराची खरी गरज, तिलाच तुम्ही वगळलंत.

आणि दीड हजारात मूल सांभाळायला कोण मिळतं, मला सांगा.

कायदा नाही असंही नाही. मातृत्व लाभाच्या कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली. ५० किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघर हवं आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाला बघायला जाता आलं पाहिजे, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं, आता तेच सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. चार वेळा! माझ्या ओळखीतल्या कुंडई, मडकई, वेर्णाला जाणाऱ्या बायकांना विचारलं, एकीनेही असलं पाळणाघर डोळ्यांनी पाहिलेलं नाही. लहान कारखान्यांना परवडत नाही म्हणतात. नसेल परवडत. मग चौघांनी मिळून एक काढा, सामाईक सोय कायद्याला चालते. ईएसआयसाठी, म्हणजे कामगार विम्यासाठी, पगारातून पैसे कापतात, पण बाई स्वतः आजारी पडली तरच त्या रजेचे पैसे. पोराला ताप आला तर खाडाच.

अंगणवाडीच्या बायका जीव तोडून काम करतात, त्यांच्याबद्दल एक वाकडा शब्द नाही. पण दुपारी तिथेही कुलूप लागतं, आणि शिफ्ट काही दुपारी संपत नाही.

आणि कृपा करून "आजी-आजोबा असतात की" असं कोणी खाली लिहू नका. सत्तरी-सांगेहून येऊन खोली भाड्याने घेऊन राहणाऱ्या जोडप्याची आजी कुठे असते? गावात. ती स्वतःच कोणाच्या तरी बागायतीत काजू वेचायला जाते.

त्या संध्याकाळी आई धावतच आली. छत्री मिटायच्याही आधी तिने डबा उघडला. अर्धी भाकरी तशीच होती. दुपारी कोणीतरी सांगितलं होतं म्हणे की मावशी गावात नाही. आईने सुपरवायझरकडे लवकर सोडा म्हणून विनवणी केली, त्याने सोडलं नाही. मग तिला घास गिळवला नाही. मला हे सगळं कळलं ते मी स्वतः आई झाल्यावर. तेव्हा मी फक्त चिडले होते, दोन दिवस तिच्याशी बोलले नव्हते. आज लिहितानाही हात थांबतो.

ती शाळा पटसंख्येअभावी बंद झाली. इमारत उभी आहे, विहीर आहे, संडास आहे, दाराला कुलूप. गावात बचतगटाच्या बायका आहेत, शाळांना माध्यान्ह आहाराची भाजी करून पाठवतात त्याच. सकाळी सात ते संध्याकाळी सात ते दार पाळणाघर म्हणून उघडं ठेवा, चार बायकांना नीट पगार द्या, वसाहतीतल्या कंपन्यांकडून वाटा घ्या. येत्या ग्रामसभेत मी हे मांडणार आहे. पंच म्हणतील पंचायतीच्या हातात नाही. तरी ठराव घ्या, वर पाठवा. गावातल्या मंडळींनी रविवारी घरी बसू नका.

घरी येऊन आईला त्या मुलीबद्दल सांगितलं. आई आता पासष्टची. माझा मुलगा तिनेच वाढवला, शिवाय वाड्यावरची आणखी तिघं. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हाड गो ताका हांगा, पेज आसाच." (आण गं त्याला इथे, पेज आहेच.)

मुलीचा नंबर मी घेतला होता. ताप उतरला तर उद्या साडेसहाला ती पोराला आमच्याकडे सोडून कंपनीची बस पकडणार आहे. पुढच्या महिन्यात आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आहे. तोपर्यंत तरी.