सहा वर्षांच्या मुलीला कॅम्पसाठी सेलवरचाच टॉर्च का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे आणि मुद्देसूद आहे, त्यामुळे दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. शाळेच्या दोन रात्रींच्या कॅम्पला निघालेल्या सहा वर्षांच्या मुलीला दोन पेन्सिल सेलवर चालणारा, दीडशे-दोनशे रुपयांचा साधा प्लॅस्टिकचा टॉर्च द्या, हा लेखातला सल्ला तुम्हाला जुनाट वाटला. तेवढ्याच पैशांत चार्जिंगचा, झूमवाला टॉर्च मिळतो, सेलचा नुसता कचरा होतो, आणि घ्यायचाच तर हेडलॅम्प घ्यावा, असं तुम्ही लिहिलंत. शेवटी, 'उगाच फाटे फोडू नका, एकच नाव सांगा' असंही म्हणालात.

आधी चार्जिंगच्या टॉर्चबद्दल, कारण माझा सगळ्यात मोठा आक्षेप तिथेच आहे. दोनशेच्या आत मिळणाऱ्या बऱ्याच टॉर्चना मागून दोन पिनांचा प्लग बाहेर येतो आणि तो थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये घालायचा असतो. आत बहुधा 4 व्होल्टची छोटी शिशाची बॅटरी असते. 230 व्होल्टवरून तिच्यापर्यंत वीज उतरवायला ट्रान्सफॉर्मर बसवला तर किंमत वाढते, म्हणून एका कपॅसिटरवर (वीज साठवणाऱ्या छोट्या भागावर) काम भागवलेलं असतं. अशा सर्किटमध्ये आतले भाग आणि घरची वीज यांच्यात कसलाच अडसर नसतो. टॉर्च चार्जिंगला असताना चिरलेल्या कव्हरमधून किंवा स्विचच्या फटीतून बोट धातूला लागलं तर थेट मेनचा शॉक बसू शकतो. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये थोडा चार्ज उरतो. तो उतरवणारा रेझिस्टर स्वस्त मालात गाळलेला असेल तर पिनांना हात लागताच चटका बसतो. मोठ्या माणसाने जपून वापरला तर एक वेळ ठीक, पण सहा वर्षांच्या पोरीच्या सॅकमध्ये ही वस्तू नकोच.

शिवाय शिशाची बॅटरी न वापरता ठेवली की हळूहळू आपोआप उतरते, आणि उतरलेल्या अवस्थेत महिनोन् महिने राहिली की तिच्या प्लेटांवर सल्फेटचा थर बसतो. मग ती पुन्हा पूर्ण भरत नाही. दिवाळीत घेऊन कपाटात ठेवलेला टॉर्च मे महिन्यात दहा मिनिटांत मान टाकतो तो यामुळे.

केबलने चार्ज होणारे लिथियमचे टॉर्च यापेक्षा पुष्कळ बरे. त्यातही दोन गोष्टी बघाव्या लागतात. टाईप-सी पोर्ट असला तरी स्वस्त टॉर्चमध्ये त्यामागचे दोन छोटे रेझिस्टर बहुतेक वेळा बसवलेले नसतात. मग दोन्ही टोकांना टाईप-सी असलेल्या केबलने तो चार्जच होत नाही, जुन्या चपट्या यूएसबी टोकाची केबल लागते. आणि तंबूत सॉकेट नसतो. चाळीस मुलांत एखादा एक्स्टेन्शन बोर्ड असतो आणि त्यावर आधीच शिक्षकांचे फोन लटकलेले असतात. रात्री मुलीकडून टॉर्च चालू राहून गेला की दुसऱ्या रात्री तिच्या हातात नुसतं खोकं. सेलवरचा असेल तर सॅकमधली दुसरी जोडी घातली की काम झालं.

आता झूम आणि 'एक किलोमीटर'. आकड्यांचा हिशोब सोपा आहे. खोक्यावर 1000 ल्युमेन (उजेड मोजायचं एकक) लिहिलेलं असतं. चांगला एलईडी धरला तरी तेवढ्या प्रकाशाला साधारण 10 वॉट लागतात. आतली 1200 एमएएचची लिथियम बॅटरी साडेचार वॉट-अवरच्या आसपास भरते, म्हणजे अर्धा तासही निघणार नाही. तो टॉर्च तीन तास चालतो असंही त्याच खोक्यावर छापलेलं असेल, तर दोन्हीतला एक आकडा खोटा आहे. तंबूत आणि तंबूपासून बाथरूमपर्यंत 20 ते 40 ल्युमेन भरपूर होतात.

झूमची अडचण वेगळीच आहे. भिंग पुढे ओढलं की पलीकडच्या झाडावर लख्ख चौकोन उमटतो, तो त्या एलईडीमधल्या चौकोनी चिपचाच आकार असतो. त्या चौकोनाबाहेर मिट्ट काळोख. मुलं हौसेने लांबवर झोत टाकत चालतात आणि पायाखालची तंबूची दोरी, खुंटी, दगड काहीच दिसत नाही. आपल्याकडे घोणस आणि फुरसं रात्रीचीच हिंडतात. पुढच्या दोन-तीन पावलांवर पसरलेला मऊ उजेड मुलाच्या कामाचा, लांब पल्ल्याचा झोत नव्हे. त्यात या टॉर्चच्या एकाच बटणावर मोठा, मंद, लुकलुक असे तीन-चार मोड असतात. झोपेतून उठलेल्या मुलीने बटण दाबलं की तंबूभर लुकलुक सुरू, आणि ती बंद कशी करायची हे तिला कळत नाही. तिच्या टॉर्चला चालू आणि बंद एवढंच हवं, तेही पुढे-मागे सरकणाऱ्या स्विचने, म्हणजे टॉर्च चालू आहे की बंद हे अंगठ्यालाही समजतं.

दोनच सेल का, हेही सांगतो. तीन बारीक सेलवाल्या ॲल्युमिनियमच्या टॉर्चमध्ये सेल एका छोट्या पिंजऱ्यात बसवतात. तो उलटा घातला की टॉर्च लागत नाही, एखादी स्प्रिंग वाकली की कायमचा संपला. तिघांतला एकच सेल उलटा बसला तर बाकीचे दोन त्याच्यात उलटी वीज ढकलू शकतात, मग तो तापू किंवा पाझरू शकतो. दोन सेलच्या टॉर्चमध्ये एक उलटा बसला तर दिवा लागत नाही, एवढंच.

हेडलॅम्पच्या बाबतीत तुमच्याशी बऱ्याच अंशी सहमत आहे. कळसूबाईला रात्री चढताना लोखंडी शिड्यांवर दोन्ही हात लागतात, तिथे डोक्यावरच दिवा हवा. पण शाळेच्या कॅम्पवर लहान मूल ज्याच्याशी बोलतं त्याच्याकडे बघतं, आणि झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. झोपताना तो पट्टा गळ्यात उतरतो, तेही मला धोक्याचं वाटतं. आठ-नऊ वर्षांनंतर, तीन बारीक सेलवाला आणि खाली झुकवता येणारा असेल तर जरूर घ्या.

मात्र हेडलॅम्प असो, किचेनचा टॉर्च असो किंवा दाबून चालवायचा डायनॅमो टॉर्च, आत बटण सेल असेल तर तो घेऊ नका. स्वस्त डायनॅमो टॉर्चमध्येही पुष्कळदा आत बटण सेलच दडलेले असतात. रुपयाएवढा, 20 मिलिमीटर रुंदीचा लिथियमचा सेल मुलाने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर लाळेतून वीज वाहायला लागते, तिथे तीव्र अल्कली (भाजणारं द्रव्य) तयार होतं आणि दोन तासांत आतून गंभीर भाजू शकतं. नुसता संशय आला तरी लगेच एक्स-रेची सोय असलेल्या इस्पितळात जायचं. उलटी करवायची नाही, काही खायला द्यायचं नाही. अपवाद फक्त मधाचा: मूल एक वर्षावरचं असेल, नीट गिळू शकत असेल आणि गिळून बारा तास झालेले नसतील, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन छोटे चमचे मध, जास्तीत जास्त सहा वेळा. पण मध शोधण्यासाठी थांबायचं नाही.

कचऱ्याची तुमची काळजी रास्त आहे, आणि त्यावर उपाय आहे. चार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइडचे पेन्सिल सेल वापरा. ते 1.2 व्होल्टचे असतात, म्हणजे दोन मिळून 2.4, आणि पांढऱ्या एलईडीला साधारण 3 व्होल्ट लागतात. आत व्होल्टेज वाढवणारं सर्किट नसेल तर उजेड मिणमिणता पडतो. म्हणून ते घालून आधी घरी बघा. साधे सेल घेणार असाल तर अल्कलाइन घ्या. झिंक-कार्बनचे स्वस्त सेल त्यांच्या मानाने दोन ते चार पट लवकर संपतात. पेन्सिल सेलच्याच मापाचे 3.7 व्होल्टचे लिथियम सेलही मिळतात, ते या टॉर्चमध्ये चुकूनही घालू नका, एलईडी जळेल. जुना-नवा सेल एकत्र नको. सुट्या जोडीला कागदात गुंडाळून छोट्या पिशवीत ठेवा, नाण्यांबरोबर मोकळी नको.

कॅम्प मे अखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला भंडारदरा-पुरुषवाडीकडे, काजव्यांच्या दिवसांत असेल तर आणखी एक काम करा. काचेवर लाल जिलेटिन कागदाचे दोन थर रबरबँडने बसवा. नर काजवे चमकून मादीला बोलावतात, पांढऱ्या झोतात तो संकेतच हरवतो. झाडांवर लाल झोतही टाकायचा नाही, फक्त पायापाशी. अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटं लागतात, मंद लाल उजेडात तो सराव टिकतो.

एकच नाव मी देणार नाही. या किमतीत एकाच नावाखाली आतला माल बदलत राहतो, त्यामुळे दुकानात मुलीला घेऊन जा आणि हातात घेऊन बघा. रंग पिवळा किंवा केशरी, काळा टॉर्च गवतात सापडत नाही. सेलचं झाकण तिला स्वतःला उघडता-लावता आलं पाहिजे. वीस वेळा चालू-बंद करायला सांगा. मग तळहातावर आपटून बघा, दिवा फडफडला तर स्प्रिंग सैल आहे, दुसरा मागा. हातभर अंतरावरून भिंतीवर उजेड टाका: मध्ये काळा डाग नसलेलं मोठं वर्तुळ हवं. झाकणाला रबरी रिंग असेल तर पावसाच्या शिंतोड्यांना पुरते. दोरी मनगटात जाईल एवढीच, वीतभर. गळ्यात घालायची लांब दोरी असेल तर दुकानातच कापून घ्या.

निघण्याच्या आदल्या रात्री खोलीतले दिवे घालवून तिला एकदा सेल बदलायला लावा. परत आल्यावर सेल काढून ठेवा, अल्कलाइन सेल आत राहिले तर पाझरतात आणि स्प्रिंगवर पांढरी भुकटी जमते. ती जमलीच तर मुलीला हात लावू देऊ नका, तुम्ही कापसाच्या काडीने लिंबाचा रस किंवा व्हिनेगर लावून पुसा आणि पूर्ण कोरडं झाल्यावरच नवे सेल घाला.