मंगळवारच्या जेवणाबद्दल दोन तारे देणाऱ्या ताईंना

ताई, नमस्कार. दादरच्या या खानावळीची मी मालकीण. तुम्ही लिहिलंय की मंगळवारी दुपारी दीडला तुम्ही जेवत होता, तेव्हा अन्न व औषध प्रशासनाची दोन माणसं आमच्या भटारखान्यात शिरली आणि भाताच्या टोपात काहीतरी खुपसून बघू लागली. संध्याकाळी साडेपाचपासून तुम्हाला दोनदा उलटी झाली. ‘शेजारच्या दुकानात कोणी गेलं नाही, इथेच का आले? घाण असल्याशिवाय येतात का?’ असं तुम्ही विचारलंय. सोलकढीचं पार्सल नाकारलं, याचाही राग आहे.

आधी उलटीबद्दल. टोपात खुपसलं होतं ते थर्मामीटर. भाताच्या मधोमध 49 अंश सेल्सिअस आलं. गरम वाढायचं अन्न 60 अंशांच्या वर राहायला हवं. आमचा भात अकराला उतरवला होता आणि गॅस बंद करून नुसता झाकून ठेवला होता. वरून वाफ दिसत होती, म्हणून आमच्या आचाऱ्याला तो गरमच वाटला. चूक त्याची नाही, माझी आहे. ‘भातच तर आहे’ असं मी इतकी वर्षं म्हणत आले.

तांदळात बॅसिलस सीरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात. ते उकळूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते रुजतात, वाढतात आणि विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. असा भात खाल्ल्यावर साधारण एक ते सहा तासांत उलट्या होतात. तुम्हाला चार तासांनी झाल्या. त्या आमच्या भातामुळेच झाल्या हे तपासणीशिवाय ठामपणे सांगता येणार नाही, पण आमच्यामुळे झाल्या नाहीत असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तुम्हाला त्रास झाला, त्याबद्दल मनापासून माफी मागते.

आता ‘इथेच का आले’ याबद्दल. शेजारच्या दुकानात सीलबंद बिस्किटं आणि साबण विकतात. आमच्याकडे कच्चे मासे येतात, ओलं खोबरं वाटलं जातं, भात शिजतो, आणि प्रत्येक ताटाला दोन-तीन माणसांचे हात लागतात. कुठे आधी आणि कुठे वारंवार जायचं, हे तपासणीत जोखीम बघून ठरतं. मासे, मांस, अंडी, दूध, तयार जेवण हे सगळं जास्त जोखमीचं. नोव्हेंबर 2024 पासून बाटलीबंद पाणीसुद्धा त्यात गेलं. आधीच्या तपासणीत कोण कसं ठरलं, तेही बघतात. म्हणजे मागच्या खेपेला आम्ही ढिलाई केली असती, तर ते आणखी लवकर आले असते, आणि तसंच असायला हवं. माणसं मोजकी, मुंबईत खाण्याच्या जागा अगणित. सगळीकडे सारख्या फेऱ्या मारत बसले, तर माझ्या भाताचा टोप कोण बघणार?

घाणीचं म्हणाल, तर लादी चकचकीत होती आणि धोका तरीही टोपात होता. ओट्यावरचा कचरा दिसतो, तापमान दिसत नाही. बांगडा घ्या. भाऊच्या धक्क्यावरून पहाटे आणलेला बांगडा बर्फाविना दोन-चार तास उन्हात राहिला की त्यात हिस्टामिन नावाचं त्रासदायक रसायन वाढतं. ते तळून जात नाही, वास येईलच असं नाही, आणि खाणाऱ्याचं तोंड लाल होतं, अंगाला खाज सुटते, डोकं ठणकतं. म्हणून त्यांनी बर्फाची पेटी उघडून बघितली. ती ठीक निघाली. फ्रिजमध्ये मात्र कच्ची सुरमई वरच्या कप्प्यात आणि नारळाचं दूध खाली होतं. माशाचं पाणी खाली ठिबकलं असतं, तर काय झालं असतं, हे तपासायला आलेल्या दोघांमधल्या बाईंनी आमच्या पोरांना उभं करून समजावलं. तपासणीची 114 गुणांची यादी असते. तिच्यात तारा (*) लावलेल्या, म्हणजे सगळ्यात महत्त्वाच्या मुद्द्यात चुकलं, तर बाकीचे गुण असून उपयोग नाही.

आम्हाला लेखी सूचना मिळाली आहे. बुधवारपासून भात एकदम न लावता छोट्या टोपात तीनदा लावतो, त्यामुळे कधीकधी दहा मिनिटं थांबावं लागतं. थर्मामीटर ओट्यावर टांगलाय आणि दर तासाला आकडा वहीत लिहिला जातो. दुपारचा उरलेला भात संध्याकाळी फोडणीला घालणं मी बंद केलं. सोलकढी रात्रीसाठी बांधून देत नाही, ती यासाठीच: आगळ, म्हणजे कोकमाचा रस, आंबट असलं तरी कच्चं नारळाचं दूध पिशवीत, लोकलच्या गर्दीत, पाच तास टिकेल अशी हमी मी देऊ शकत नाही. तुम्हाला नकार देताना काउंटरवरचा मुलगा तुसडेपणाने बोलला असेल, तर त्याचंही मला वाईट वाटतं.

ताई, तुम्ही त्या दिवशी काय काय खाल्लंत, घरी आणखी कोणाला त्रास झाला का, डॉक्टरांकडे गेला होतात का, हे कळवाल का? औषधाचा आणि जेवणाचा खर्च मी देईन, पण माहिती मला त्याहून जास्त हवी आहे. त्या दुपारी आमच्याकडे अजून सत्तरएक माणसं जेवली. सूचनेची प्रत परवान्याच्या शेजारी भिंतीवर लावली आहे. ज्यांनी मंगळवारी भात खाल्ला आणि ज्यांना त्रास झाला, त्यांनीही मला सांगावं.