वशिंडवाला डॉल्फिन गुलाबी कसा होईल?

‘वाशीच्या खाडीत गुलाबी डॉल्फिन! फ्लेमिंगोंसारखेच कोळंबी खाऊन गुलाबी झालेत, पाठीवरची गाठ मात्र केमिकलमुळे. खाडी स्वच्छ झाल्याचा पुरावा!’ नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर हा मेसेज व्हिडिओसकट फिरतोय. केमिकलने गाठ आली आणि खाडी स्वच्छही झाली, हे एकाच दमात.

आधी रंग. फ्लेमिंगो खाण्यामुळे गुलाबी होतात हे खरंच. शेवाळातलं आणि बारीक जिवांतलं रंगद्रव्य त्यांच्या पिसांत उतरतं. डॉल्फिनचं तसं नाही. हाँगकाँगजवळ गुलाबी डॉल्फिन आहेत, पण ते जन्मतात गडद करडे. वयाबरोबर करडा रंग उडत जातो आणि कातडीतल्या रक्तवाहिन्यांची लाली दिसू लागते. कोळंबीचा काही संबंध नाही. शिवाय ती जातच वेगळी. आपल्या किनाऱ्यावरचा हंपबॅक, म्हणजे वशिंडवाला, डॉल्फिन मोठेपणीही करडाच राहतो, फार तर म्हाताऱ्या जनावराच्या पाठीवरच्या परावर (फिनवर) पांढरट-गुलाबी डाग. दोन्ही जाती वेगळ्या असल्याचं वर्गीकरण 2014 मध्ये मांडलं गेलं, तेव्हा नावांचा घोळ समजू शकतो. व्हिडिओसोबतच्या दाव्याचा नाही.

आता ती ‘गाठ’. बैलाच्या वशिंडासारखा लांबट उंचवटा आणि त्यावर बसलेला छोटासा पर, हीच या डॉल्फिनची ओळख. पिल्लांत तो जेमतेम दिसतो, वाढीबरोबर ठळक होतो. ओमानपासून दक्षिण आफ्रिकेपर्यंत याच जातीच्या पाठीवर तो आहे, तिथे काय ठाणे-बेलापूर पट्ट्यातलं सांडपाणी पोचतं? जातीला शास्त्रीय नाव मिळालं 1829 मध्ये, आपली एमआयडीसी स्वप्नातही नव्हती तेव्हा. सांडपाणी निरुपद्रवी आहे असं मी म्हणत नाही. विषारी द्रव्यं डॉल्फिनच्या चरबीत साठतात आणि दुधातून पिल्लात जातात. पण त्याने वशिंड येत नाही.

स्वच्छतेचा पुरावाही नाही. हा डॉल्फिन मुळात उथळ पाण्यातला, किनाऱ्याला धरून राहणारा, खाड्यांच्या मुखाशी बोयट माशांच्या मागे फिरणारा. बंदरं, नाले, मासेमारीची गिलनेट जाळी सगळं तिथेच, म्हणून तर तो धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत आहे. मादी साधारण तीन वर्षांनी एकच पिल्लू देते. जाळ्यात गेलेल्यांची भरपाई सहज होत नाही.

उद्या कोणी खाडीतलाच खरा व्हिडिओ टाकला तर रंग सोडा, पाठ बघा. वशिंड आणि लांब चोच असेल तर हाच. पाठीवर परच नाही, तोंड गोल, तर तो पोरपॉइज. तोही आपल्याच किनाऱ्यावरचा, पण डॉल्फिन नव्हे.