खुलासा : एनबीएतला पहिला आशियाई वंशाचा अमेरिकन जेरेमी लिन नव्हे

जेरेमी लिन हा एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, खेळलेला पहिला आशियाई वंशाचा अमेरिकन खेळाडू, असा मजकूर सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे. हार्वर्डचा हा गार्ड (चेंडू पुढे नेऊन डाव रचणारा खेळाडू) 2010 मध्ये एनबीएत आला. चिनी किंवा तैवानी वंशाचा पहिला अमेरिकन म्हणून मान त्याचाच. पण त्याच्या 63 वर्षं आधी वॅट मिसाका हा जपानी वंशाचा गार्ड न्यूयॉर्क निक्सकडून खेळला होता.

मिसाकाचा जन्म युटातल्या ऑग्डेनचा. उंची जेमतेम 5 फूट 7 इंच. युटा विद्यापीठाच्या संघातून त्याने 1944 ची एनसीएए ही अमेरिकी कॉलेज संघांची स्पर्धा जिंकली. ते दिवस आठवा: जपानशी युद्ध पेटलेलं आणि जपानी वंशाचे हजारो अमेरिकन नागरिक छावण्यांत डांबलेले! मग दोन वर्षं अमेरिकी लष्करात काढून तो परतला. 1947 च्या एनआयटी या कॉलेज संघांच्याच दुसऱ्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्याने केंटकी विद्यापीठाचा स्टार खेळाडू राल्फ बियर्डला फक्त 1 गुण करू दिला.

त्याच वर्षी निक्सने त्याला निवडलं. 3 सामने, 7 गुण, आणि संघाबाहेर. नंतर त्याने इंजिनिअरिंगची पदवी पूर्ण केली.

तेव्हा लीगचं नाव बीएए होतं, म्हणून मिसाका मोजायचा नाही, असंही काही जण म्हणतात. ते पटत नाही. एनबीए स्वतःच आपला इतिहास 1946 पासून, म्हणजे बीएएपासूनच मोजते.