‘जितकं कडक तितकं टिकाऊ’: लहान कुत्र्यांचे दात घालवणारा सल्ला

पाळीव कुत्र्यांच्या ग्रुपांवर एक सल्ला सतत फिरत असतो. शब्द बदलतात, मुद्दे तेच राहतात: “छोटं कुत्रं खेळणी फाडत असेल तर रबरी खेळण्यांवर पैसे घालवू नका. वस्तू जितकी कडक तितकी टिकते. नळीचं हाड, चामड्याचं हाड किंवा शिंग द्या. नैसर्गिक असतं, दातही साफ होतात. छोट्या कुत्र्याला खेळणंही छोटंच घ्या. दोरी आणि टेनिस बॉल सगळ्यांत सुरक्षित. तुकडा गिळलाच तर शीतून पडून जातो, नाहीतर मिठाचं पाणी पाजून उलटी काढा.”

यातला एकही मुद्दा जसाच्या तसा खरा नाही. काही अर्धसत्य आहेत, काही दात घालवणारे, आणि शेवटचा जिवावर बेतणारा. एकेक घेऊ.

“वस्तू जितकी कडक तितकी टिकते”

वस्तू टिकते, पण दात टिकत नाही.

कुत्र्याच्या वरच्या जबड्यात दोन्ही बाजूंना, साधारण डोळ्याखाली, एक मोठी उपदाढ असते. ही चौथी उपदाढ. तिची धार खालच्या पहिल्या दाढेला घासून खाली उतरते, अडकित्त्याच्या पात्यासारखी. काहीही फोडायचं असलं की कुत्रं नेमकी हीच जागा वापरतं. चावलेली वस्तू जराही दबली नाही तर सगळा जोर दातावर येतो आणि उपदाढेच्या बाहेरच्या अंगाची कपची उभी निघते, पुष्कळदा हिरडीच्या आतपर्यंत. दाताचा गर उघडा पडला की दोनच उपाय उरतात: रूट कॅनल किंवा दात काढणं. दोन्हीसाठी पूर्ण भूल द्यावी लागते. घरच्यांच्या हे उशिरा लक्षात येतं, कारण कुत्रं जेवण सोडत नाही, फक्त एका बाजूने चावायला लागतं. पुढे कधीतरी डोळ्याखाली सूज येते आणि डोळ्याचाच त्रास समजून डोळ्यात थेंब घातले जातात.

लहान जातींना हा धोका कमी नसतो. पॉमेरेनियन, शिहत्झू, यॉर्की, चिहुआहुआ यांचा जबडा लहान, पण दात त्या मानाने मोठे. खालच्या पहिल्या दाढेची मुळं जबड्याच्या तळाच्या अगदी जवळ पोचलेली असतात. हिरड्यांचा आजारही लहान जातींत जास्त. त्या आजाराने तिथलं हाड आधीच झिजलेलं असेल, तर कडक वस्तू चावताना जबडाच मोडू शकतो.

म्हणून विकत घेण्याआधी दुकानातच तीन गोष्टी करून पाहा. अंगठ्याचं नख जोरात रोवा: खूण उठली पाहिजे आणि रबर असेल तर ती पुन्हा भरून आली पाहिजे. दोन्ही हातांनी वाकवा किंवा दाबा: थोडं तरी दबलं पाहिजे. आणि ती वस्तू स्वतःच्या गुडघ्याच्या वाटीवर आपटायची हिंमत होते का, हे स्वतःला विचारा. होत नसेल तर ती कुत्र्याच्या दातालाही नको. नळीचं हाड, शिंग, खूर, कडक नायलॉनचं ‘हाड’ आणि बर्फाचा खडा, सगळे या चाचणीत नापास होतात. याकच्या दुधाची छुरपी, म्हणजे वाळवून कडक केलेलं चीज, तीही बहुतेक वेळा नापासच. शिंगाबद्दल आणखी एक: आपल्याकडे चितळ-सांबराच्या शिंगांची विक्री वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार बेकायदा आहे.

टिकाऊपणाची खरी कसोटी अशी: खेळणं दाताखाली दबलं पाहिजे, पण त्याचा लचका निघता कामा नये. हे जमतं ते जाड भिंतीच्या, पोकळ, नैसर्गिक रबराच्या खेळण्यांना. एकाच कंपनीचं तेच खेळणं वेगवेगळ्या कडकपणात येतं, हे पुष्कळांना माहीत नसतं. काँगचंच उदाहरण घ्या: पिल्लांसाठी मऊ गुलाबी किंवा निळं, मोठ्यांसाठी लाल, जोरकस चावणाऱ्यांसाठी काळं आणि म्हाताऱ्या कुत्र्यांसाठी जांभळं. ‘जोरात चावतं’ म्हणून तीन किलोच्या कुत्र्याला थेट काळं रबर घेऊ नका. आधी लाल द्या. त्याचे खरोखर लचके निघाले, तरच काळ्याचा विचार करा, तोही नखाची चाचणी करून. दुधाचे दात साधारण सहा-सात महिन्यांपर्यंत पडत असतात. तोवर फक्त मऊ रबर. लहान जातींत पुष्कळदा दुधाचे दात न पडता मागे राहतात आणि नवे दात त्यांच्या शेजारी उगवतात. सात महिन्यांनंतरही सुळा दुहेरी दिसला तर डॉक्टरांना दाखवा. अशा जोडदातांत अन्न अडकतं आणि तोंड दुखतं.

“हाड आणि चामडं नैसर्गिक असतं”

शिजलेलं हाड ठिसूळ होतं आणि त्याच्या टोकदार फाका पडतात. त्या टाळ्यात, अन्ननलिकेत, आतड्यात किंवा गुदाशयात रुततात. मटणाच्या नळीचं आणखी एक संकट आहे. आडव्या कापलेल्या नळीचं कडं खालच्या सुळ्यांवरून सरकतं आणि जबड्यात अडकून बसतं. बोकडाच्या नळीचा घेर लहान कुत्र्याच्या जबड्याला नेमका बसण्याजोगा असतो. घरी ओढून काढायचा प्रयत्न केला की जबडा सुजतो आणि कडं आणखी घट्ट होतं. ते दवाखान्यात भूल देऊनच कापावं लागतं.

दुकानात पाकिटात मिळणारी भाजलेली किंवा धुरी दिलेली हाडंही यातून सुटत नाहीत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे नोव्हेंबर २०१० ते सप्टेंबर २०१७ या काळात अशा हाडांबद्दल सुमारे ६८ तक्रारी आल्या. त्यांत सुमारे ९० कुत्री आजारी पडली होती आणि १५ दगावल्याची नोंद आहे.

चामड्याचं हाड म्हणजे जनावराच्या कातडीचा आतला थर, रसायनांनी धुऊन, वाळवून, गाठ मारलेला. तोंडात भिजला की तो फुगतो आणि चिकट होतो. लहान कुत्रं गाठीचं टोक मऊ करतं, तोडतं आणि न चावता गिळतं. हा गोळा पोटात सावकाश विरघळतो, आणि तीन-चार किलोच्या कुत्र्याचं आतडं इतकं अरुंद असतं की वाट अडायला एवढासा तुकडाही पुरतो. हावरट कुत्र्याला चामड्याचं हाड देऊच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

“चावल्याने दात साफ होतात”

हे अर्धं खरं. चावल्याने दाताच्या टोकाकडचा थर काही प्रमाणात निघतो. पण आजार सुरू होतो हिरडीच्या कडेला आणि तिच्या खाली, तिथे खेळणं पोचत नाही. दात स्वच्छ ठेवायचे तर कुत्र्यांच्या टूथपेस्टने घासा, शक्य तर रोज. माणसांची पेस्ट चालत नाही. चावण्याच्या खाऊवर दात स्वच्छ होण्याचा दावा असेल तर व्हेटरिनरी ओरल हेल्थ कौन्सिल या प्राण्यांच्या दातांच्या आरोग्यासाठीच्या संस्थेची मोहर आहे का ते बघा. ही मोहर चाचण्यांचे निकाल तपासून दिली जाते. ‘डेंटल’ हा शब्द मात्र कुणीही छापू शकतं.

‘नॉन-टॉक्सिक’चंही तसंच. आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं, पण ते चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांपुरतं. कुत्र्यांची खेळणी त्यात येत नाहीत. म्हणून नाकावर भरवसा ठेवा: रॉकेलसारखा किंवा उग्र प्लास्टिकचा वास, हाताला लागणारा रंग, चिकट पृष्ठभाग, यांतलं काहीही आढळलं तर घेऊ नका.

“छोट्या कुत्र्याला छोटं खेळणं”

हा सल्ला कौतुकाने दिला जातो आणि यातूनच कुत्री गुदमरतात. खेळणं तोंडात धरलं असता ते सगळंच्या सगळं सुळ्यांच्या मागे जाता कामा नये. चेंडू असेल तर तो पूर्ण तोंडात मावता कामा नये. लाळेने बुळबुळीत झालेला छोटा चेंडू मागे सरकून श्वासाची वाट बंद करतो.

पाकिटावरचे वजनाचे आकडे एकमेकांत मिसळलेले असतात, उदाहरणार्थ लहान माप ९ किलोपर्यंत आणि मध्यम माप ७ ते १६ किलो. आपलं कुत्रं दोन्हींत बसत असेल तर जोरात चावणाऱ्याला वरचं माप घ्या. तोंडाची ठेवणही बघा. पगचं तोंड रुंद आणि आखूड, त्यात गोल वस्तू सरळ घशाकडे जाते, म्हणून त्याला चेंडूपेक्षा लांबट किंवा कडीच्या आकाराचं रबर बरं. डॅशहंडचा जबडा लांब आणि जोरकस, आणि तो जीभ भोकात खोलवर घालतो. पोकळ खेळण्याला एकच भोक असेल तर आत निर्वात होऊन जीभ अडकते, सुजते, प्रसंगी कापावी लागते. २००८ मध्ये अमेरिकेत असा एक चेंडू बाजारातून परत मागवावा लागला होता. पोकळ खेळण्याला दुसऱ्या टोकाला हवेचं भोक हवंच.

“दोरी आणि टेनिस बॉल सुरक्षित”

टेनिस बॉलची लव खरखरीत असते, आणि तिच्यात माती-वाळू अडकली की सुळे पॉलिशपेपरने घासल्यासारखे झिजतात. फेकून आणायला चालेल, चघळत बसायला नको. लहान कुत्री तर लव सोलून गिळतात.

दोरी त्याहून वाईट. सुटलेला धागा गिळला गेला आणि त्याचं एक टोक पोटात अडकलं, तर आतडं त्या धाग्यावर चुण्या पडल्यासारखं गोळा होतं आणि हालचालीसरशी धागा आतड्याची भिंत कापतो. दोरी फक्त आपल्या हातात धरून ओढाओढीसाठी वापरावी. खेळ संपला की कपाटात. शीच्या जागी धागा लोंबताना दिसला तर ओढू नका, कापूही नका, तसाच दवाखान्यात न्या.

कापडी खेळण्यातली शिट्टी आणि लुकलुकणाऱ्या चेंडूतला बटण सेल हे दोन्ही गिळण्याच्या मापाचे असतात. सेल अन्ननलिकेत अडकला तर काही तासांत ती जाळतो. फाडणाऱ्या कुत्र्याच्या घरात या वस्तू नकोतच.

“महागड्या रबरावर पैसे घालवू नका”

रबरी खेळणं नुसतं पुढ्यात टाकलं तर कुत्रं दोन मिनिटांत सोडून देतं आणि चप्पल शोधतं. पैसे वाया गेले, असं वाटतं ते इथे. ते भरून द्यायचं असतं.

भरण्यासाठी वेगळा खाऊ नको, त्याच्या जेवणातलाच भाग घ्या. पाच किलोच्या प्रौढ, नसबंदी झालेल्या कुत्र्याला दिवसाला साधारण ३७५ किलोकॅलरी लागतात, आणि वरचा खाऊ दहा टक्क्यांच्या आत, म्हणजे पस्तीस-चाळीसच. लहान मापात साधारण दोन मोठे चमचे मिश्रण बसतं. छोटं भोक हवेसाठी मोकळं ठेवा. मग उकडलेलं बिनमिठाचं चिकन, मऊ भात आणि उकडलेला लाल भोपळा कालवून सैलसर भरा. वर चमचाभर आंबट नसलेलं, बिनसाखरेचं दही. सुरुवातीला न गोठवता द्या, म्हणजे कुत्र्याला ते जमतं. सरावलं की रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा आणि देण्याआधी दहा मिनिटं बाहेर काढा. पीनट बटर वापरलंच तर घटकांत झायलिटॉल (साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ) नाही ना, ते वाचा. कुत्र्यांसाठी ते विष आहे. कांदा, लसूण, मनुका, चॉकलेट यांचा अंशही नको.

वापर झाला की लगेच गरम पाणी आणि बाटलीच्या ब्रशने आतून धुवा, मोठं भोक खाली करून वाळवा. पावसाळ्यात आत ओल राहिली तर एका दिवसात बुरशी आणि मुंग्या.

तीन-चार खेळणी आलटून पालटून द्या. नवं खेळणं पहिल्यांदा देताना पंधरा-वीस मिनिटं शेजारी बसा आणि चावण्याची पद्धत बघा: दाबतंय, की एका कडेला पुढच्या दातांनी कुरतडतंय? कुरतडणारं कुत्रं भोकाच्या कडेपासून सुरुवात करतं, म्हणून रोज तीच कड तपासा. चीर नखाने उघडते, तुकडा गायब आहे किंवा भोक मोठं झालंय, की खेळणं कचऱ्यात. झिजलेलं खेळणं टाकून देण्याची किंमत दाढेच्या शस्त्रक्रियेपेक्षा कितीतरी कमी असते.

“तुकडा शीतून पडून जातो, नाहीतर मिठाचं पाणी पाजा”

मीठ कधीही पाजू नका. कुत्र्यांमध्ये दर किलो वजनामागे सुमारे ४ ग्रॅम मीठ प्राणघातक ठरू शकतं. सपाट चहाचा चमचा म्हणजे जवळपास ६ ग्रॅम. तीन किलोच्या कुत्र्याला दोन चमचे म्हणजे थेट तीच मात्रा. उलटी झाली नाही तर सगळं मीठ रक्तात जातं आणि मेंदूवर परिणाम होऊन झटके येतात. शिवाय टोकदार तुकडा वर येताना अन्ननलिका फाडू शकतो. उलटी करवायची की नाही हे डॉक्टरांनीच ठरवावं, आणि त्यासाठी पहिले दोन तास मोलाचे. म्हणून गिळताना पाहिलं की वाट न बघता फोन करा. उरलेलं खेळणं सोबत न्या, म्हणजे किती आणि कसला तुकडा गेला ते कळतं. रबर, प्लास्टिक, कापड साध्या एक्स-रेत दिसेलच असं नाही. सोनोग्राफी लागू शकते.

वारंवार उलटी, जेवणाकडे पाठ, पोटाला हात लावू न देणं, पुढचे पाय ताणून मागचा भाग वर करून उभं राहणं, शी न होणं: यांतलं एकही लक्षण दिसलं तर सकाळपर्यंत थांबू नका.

श्वास अडला असेल तर घरीच हात चालवावा लागतो. तोंड उघडा. वस्तू दिसत असेल तरच बोटाने कडेने ओढा. दिसत नसेल तर बोट घालू नका, ती आणखी आत जाते. लहान कुत्र्याला मागच्या पायांकडून उचलून डोकं खाली करा. तरीही निघाली नाही तर पाठ आपल्या छातीला टेकवून, बरगड्यांच्या लगेच खाली दोन-तीन बोटांनी आत आणि वर असा झटका पाचदा द्या आणि पुन्हा तोंडात बघा. वस्तू निघाली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, कारण दाबामुळे पोटात आणि अडकल्यामुळे घशात झालेली इजा बाहेरून दिसत नाही.